कोणाची रुई, कोणाची खोळ

अकोला

अकोल्याला उतरले तर रिक्षावाल्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे पाहिलं आणि विचारलं, "आत्महत्येच्या सर्वेवाल्या का?"

"नाही हो. मी मेंदूच्या कामासाठी आलेय."

"मंग थोच सर्वे झाला ना!" असं म्हणून त्यानं रिक्षा सुरू केली.

ती वर्षंच तशी होती. वऱ्हाडचं नाव पेपरात एकाच कारणासाठी यायचं आणि पुणं, मुंबई, दिल्लीहून जो येई तो प्रश्नावली घेऊनच येई. लोक या सगळ्याला विटले होते. पानवाल्यानं, लॉजच्या मॅनेजरनं, एस.टी.त शेजारी बसलेल्या आजीनं, सगळ्यांनी मला हेच विचारलं. मी आपली प्रत्येकाला सांगत सुटले, की मी मानसशास्त्राची बाई, पुण्याला एका संशोधन गटात काम करते, स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसांना गोष्टी लक्षात कशा राहतात किंवा राहत नाहीत, ते आम्ही एमआरआय यंत्रात बघतो. आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"अन् मंग बरं करता का?"

"नाही आजी. सध्या बघतो फक्त."

"असं व्हय," म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या. मला हसूच आलं. पुण्यात हेच लोक माझी पाठ वळल्यावर बोलले असते. इथे समोरासमोर मिळालं, आणि वर आजींनी पिशवीतली संत्र्याची गोळी हातावर ठेवली.

उन्हाबद्दल काय बोलावं! वैशाखातलं अकोला म्हणजे सकाळी चहा पितानाच कपाळ तापतं. त्यात रात्रभराच्या प्रवासात माझी मान आखडलेली. मानेसाठी एक छोटी कापसाची उशी मी सगळीकडे नेते, पण तिच्या आत आता नुसत्या गुठळ्या झाल्या होत्या. या उशीचं पुढे काम आहे, म्हणून सांगून ठेवते.

आमचा अभ्यास काय होता तेही इथेच सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. आपल्याला दोन गोष्टी जोडीनं लक्षात राहतात: चेहरा आणि नाव, किल्ली आणि कुलूप, घर आणि त्यातली माणसं. त्या वेळी मेंदूत खोलवर दडलेला एक छोटा भाग आणि कपाळामागचा भाग यांना मिळून काम करावं लागतं. कुठे रक्त जास्त धावलं हे यंत्र टिपतं. दोन भाग एकदमच चढत-उतरत असतील तर त्यांचं आपसात जमतंय असं आम्ही समजतो. स्किझोफ्रेनियात हे जमणं सैल पडतं. कानात आवाज येतात, संशय येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आठवणींच्या जोड्या सुटतात हे कोणाच्या ध्यानातच येत नाही, आणि औषधानं आवाज थांबले तरी माणसाचं रोजचं जगणं नेमकं तिथेच अडतं.

अकोल्यातल्या एका मानसोपचार डॉक्टरांनी त्यांच्या दवाखान्यात नसीमआपा आणि त्यांचा धाकटा भाऊ रफीक यांच्याशी माझी गाठ घालून दिली. दोघं बार्शीटाकळीची, पिढीजात पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या-उशा भरणारी. अब्बा गेल्यापासून दुकान आपाच चालवत होत्या. त्यांच्या केसांत, भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. रफीक तिशीच्या आतला, उंच, खाली मान घालून बसलेला. औषधानं त्याच्या कानातले आवाज बरेच निवले होते.

मी माझं सगळं पुराण सांगितलं. आपांनी एकच विचारलं.

"मॅडम, फोटूत दिसन का, याची याद हाय का गेली?"

"नाही हो. एका माणसाच्या फोटोवरून तसं सांगता येत नाही. पुष्कळ माणसांचे फोटो एकत्र केले, की मग काहीतरी कळतं."

"मंग आमच्या रफीकचा काहून काढता?"

काय सांगणार, कप्पाळ! मी म्हटलं, "पुढे जाऊन अशाच कोणाला उपयोग व्हावा म्हणून." त्यावर त्या म्हणाल्या, "करीमचाचा म्हन्ते, याले दूर पाठवून देतो. तथी असे लोक ठेवून घेतात. तुमचा फोटू चांगला निंगाला तं चाचा थांबन."

"कुठे पाठवणार?"

"मध्य प्रदेशात हाय एक जागा. म्या पाह्यली," आपा म्हणाल्या. "तथी दाराले बाहेरून कडी असते."

मी परत सांगितलं की माझा फोटो निकाल देत नाही. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं नव्हतं हे मला दिसत होतं.

मग आम्ही सरावाची चित्रं काढली. छत्रीशेजारी कांदा, कुलपाशेजारी म्हैस, घड्याळाशेजारी भोपळा अशा बिनकामाच्या जोड्या. आधी सगळ्या दाखवायच्या, मग थोड्या वेळानं एक चित्र दाखवून विचारायचं, याच्या जोडीला या दोघांतलं कोण होतं? रफीकनं मनापासून प्रयत्न केला. निम्मं बरोबर, निम्मं चूक. नाणं उडवून सांगितलं असतं तरी इतकंच आलं असतं.

"नापास झाला ना?" आपांनी विचारलं.

"यात पास-नापास नसतं."

"चाचाजवळ असते," त्या म्हणाल्या.

बार्शीटाकळी

घरच्या मोठ्यांची संमती घ्यायची म्हणून मी दुसऱ्या दिवशी बार्शीटाकळीला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन नांगरून उघडी पडली होती. ढेकळं एवढाली, की उन्हात त्यांची सावली पडत होती. पुण्याच्या लाल-करड्या मातीत वाढलेली मी. इतकी काळी जमीन इतक्या लांबवर मी पाहिली नव्हती, आणि एस.टी.च्या खिडकीला नाक लावून बघतच राहिले.

घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत आढ्याला पिंजण टांगलेलं: माणसाहून उंच लाकडी धनुष्य, त्याला चिवट तात ताणलेली. त्या तातेवर लाकडी मुठीनं ठोकायचं आणि थरथरती तात कापसाच्या ढिगात धरायची. आता विजेवरचं यंत्र आलंय, दुकानात तेही होतं. पण लोडशेडिंगमुळे दिवसातला बराच वेळ ते मुकं, म्हणून पिंजण अजून कामात. करीमचाचांनी, म्हणजे या दोघांच्या वडिलांच्या धाकट्या भावानं, मला बघून पहिलंच वाक्य म्हटलं, "जेवल्या का?" आणि मी "हो" म्हणायच्या आत, "नसन जेवल्या," असा निकाल देऊन टाकला. आमच्याकडे पाहुण्याच्या चेहऱ्यावरून अंदाज घेतात. इथे विचारण्याची नुसती पद्धत, ताट आधीच वाढलेलं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. चाचा म्हणाले, "हे तं कमी तिखट केलं, पाहुने आहे म्हून."

जेवताना त्यांनी सगळं सांगितलं. या धंद्यात एक नियम आहे, आणि तो मोडला तर धंदा बुडाला. गिऱ्हाईक आपल्या शेतातला कापूस सरकी काढून आणून देतं, आपली खोळ देतं. ज्याची रुई त्याच्याच खोळीत गेली पाहिजे. मुलगी सासरी जाताना तिच्यासोबत माहेरच्या रानातल्या कापसाची गादी जाते. माणूस गेला की त्याच्या गादीतला कापूस घरातल्या घरात पिंजून पुन्हा वापरतात, बाहेर देत नाहीत. कोणी चिठ्ठी लावत नाही, खूण करत नाही. पिंजाऱ्यानं लक्षात ठेवायचं.

आणि या लगीनसराईत रफीकनं दोन घरांची रुई अदलाबदल केली. एका नवरीच्या गादीत नुकत्याच वारलेल्या म्हाताऱ्याच्या गादीतला कापूस भरला, आणि नवरीच्या बापाच्या रानातला कापूस त्या म्हाताऱ्याच्या घरी गेला. आपांना कळलं तेव्हा गादी मांडवात पोचली होती. मोठा गोंधळ झाला. नवरीची आई पडवीत येऊन रडली. तेव्हापासून गावातल्या कोणीही दुकानात रुई टाकली नव्हती.

"कापूस गावात बम पडला हाय," चाचा म्हणाले, "पन आमच्याकडे कोनी येत नाई. मॅडम, मी काय कसाई हाय का? लहानपनी याले खांद्यावर घेऊन फिरलो. पन मी किती दिवसाचा? नसीमचं लगन करावं तं मानसं म्हन्तात, हा पोट्टा सोबत येईन का? याले कोन पाहीन?"

चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते ठेच्याचं नव्हतं.

वीज गेली तेव्हा रफीक कोणी न सांगता उठला आणि पिंजणाला लागला. आपांनी माझी गुठळ्यांची उशी बॅगेतून डोकावताना पाहिली होती. "द्या इकळे, भल्ली वाईट दशा झाली इची," म्हणून ती ओढूनच घेतली. खोळ उसवली, आतला घट्ट झालेला कापूस बाजूला काढून ठेवला. रफीक तेव्हा चाचांच्या जुन्या गादीतली रुई पिंजत होता. तातेवर मूठ बसली की एक घुमणारा आवाज निघे, पोटात जाणवेल असा, आणि दगड झालेला कापूस बघता बघता फुलून गुडघ्याएवढा व्हायचा. उन्हाच्या तिरिपेत तंतू तरंगत होते. मी तोंडाचा आ करून उभी. ज्या माणसाला काल छत्रीशेजारचा कांदा आठवत नव्हता, त्याच्या हाताची एक मूठ वावगी पडत नव्हती. हातांची आठवण मेंदूच्या वेगळ्या भागांत असते, हे मी वर्गात शिकवते. पण शिकवणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं, अक्षरशः अंगावर काटा आला.

"अब्बा होते तई मजा होती," आपा म्हणाल्या. "खोळ शिवायच्या आधी अब्बा वरडून इचारत, 'किसकी रुई?' आमी दोघं वरडून सांगत, 'पाटलाची!' मंग, 'किसकी खोल?' 'पाटलाचीच!' साऱ्या गल्लीले ऐकू जाये."

"आता नाही विचारत?"

"आता कोन इचारन? मी एकटी भरते, शिवते. अन् तो पोरखेळ होता," असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.

अमरावती

यंत्र अमरावतीला होतं, एका खाजगी तपासणी केंद्रात. तिथले तंत्रज्ञ देशमुख हे वलगावचे; घरी शेती, नोकरी यंत्रावर. ओळख झाल्या झाल्या त्यांनी मला वय, पगार आणि नवरा काय करतो हे तिन्ही विचारून घेतलं आणि स्वतःचंही सांगून टाकलं. पहिल्या दिवशी यंत्र चाललंच नाही. विजेचा दाब खालीवर झाला आणि यंत्र थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली.

"मॅडम, याले आपल्यापेक्षा जास्त उकडते," देशमुख म्हणाले. "चाला, गिला वडा खाऊ."

गिला वडा म्हणजे दह्यात बुडवलेला, वर चिंचेची चटणी ओतलेला वडा. पुण्यातला दहीवडा त्याच्यापुढे फारच सभ्य वाटतो. मी दुसरी प्लेट मागितल्यावर देशमुखांनी मला माणसांत घेतलं. संध्याकाळी ते मला वलगावला घरी घेऊन गेले. त्यांच्या आईनं कढीगोळे, म्हणजे कढीत सोडलेले डाळीचे गोळे केले होते. माजघरात एका कोपऱ्यात छतापर्यंत कापूस भरून ठेवलेला. भाव मिळेना म्हणून विकला नव्हता. माजघरातच माणसं त्याला टेकून बसत होती, टीव्ही बघत होती. मीही टेकले, आणि पिंजाऱ्यांच्या घरची सगळी हकीकत मायलेकांना सांगितली. तसला मऊ डोंगर पाठीशी घेऊन कढीगोळे खाण्याचं सुख मी जन्मात विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू झालं. आपा, रफीक आणि चाचा सकाळच्या गाडीनं आले. चाचा मुद्दाम आले होते, निकाल ऐकायला.

आत जाण्याआधी अंगावर लोखंडाचा कण चालत नाही; चुंबक इतका जबर, की किल्ली गोळीसारखी सुटते. देशमुखांनी रफीकला तीनदा विचारलं: पैसे, किल्ली, बेल्ट, ताईत? तो दर वेळी "नाई" म्हणाला. कपडे बदलले, खिसे उलटे केले. रफीकनं डोक्यावरची टोपी तेवढी काढली नव्हती. दाराशी पोचतो तोच आपांनी कपाळावर हात मारला.

"अल्ला! सुई!"

टोपीच्या काठात गादी शिवायची वीतभर सुई खोचलेली होती. पिंजाऱ्याची सुई टोपीत असायचीच; त्याला ती लोखंड वाटतच नव्हती, जसा आपल्याला डोळ्यांवरचा चष्मा जाणवत नाही. देशमुख मटकन खुर्चीत बसले. "बाप्पा बाप्पा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. मग त्यांनी आपांनाही ओढणीतल्या आणखी दोन सुया काढायला लावल्या.

रफीक आत गेला. यंत्र सुरू झालं: आधी टकटक, मग घर्रर्र, मग धडाधड. भलेभले इथे घाबरतात, हलतात, बाहेर काढा म्हणतात. रफीक निपचित. पडद्यावर एकेक चित्र उमटायला लागलं. मी हे किती वर्षं बघतेय, पण पहिलं चित्र आलं की अजून माझा श्वास थांबतो. एका जित्या माणसाचा मेंदू, कवटी न उघडता, त्याला न दुखवता! त्या करड्या घड्यांमध्ये त्याचे अब्बा आहेत, ती गल्ली आहे, आणि मी दिसतेय फक्त घड्या. आपा माझ्या खांद्यावरून बघत होत्या.

"हे याच्या डोक्यातलं?"

"हो."

"रुईच भरली हाय," त्या हळूच म्हणाल्या.

पहिल्या फेरीत रफीकला नुसत्या जोड्या दाखवल्या. हातात दोन बटणं, डावं-उजवं. निकाल अकोल्यासारखाच, निम्मं-निम्मं. माझ्या लॅपटॉपवर चुकीचे लाल ठिपके बघून आपांनी ओढणी तोंडावर धरली. मागे चाचा भिंतीला टेकून उभे होते, तेही बघत होते.

दुसऱ्या फेरीत आम्ही मदत देतो. माणसाला एक युक्ती सांगायची, आणि त्यानं जोडी जमवता येते का ते बघायचं. मी माइकचं बटण दाबलं आणि ठरलेलं वाक्य वाचलं: "प्रत्येक जोडीतल्या दोन वस्तूंचा मनात एकमेकांशी संबंध लावा आणि त्याची एक छोटी गोष्ट तयार करा. समजलं का, रफीकभाई?"

"हो," आतून आवाज आला. त्या 'हो'वरूनच कळलं, की काही समजलेलं नाही.

मी तेच वाक्य परत वाचलं. नियम तसा होता. शब्द बदलायचे नाहीत, नाहीतर सगळ्या माणसांची तुलना कशी करणार? देशमुखांनी घड्याळाकडे पाहिलं, वीज टिकेल तोवर टिकेल. त्यांनी फेरी सुरू केली. आणि तेवढ्यात माझ्या काखेखालून एक हात आला. आपांनी माइकचं बटण दाबलं आणि ओरडल्या:

"रफीक! इधर का फोटू रुई, उधर का फोटू खोल! अब्बा पूछते थे ना? वैसाच! किसकी रुई, किसकी खोल!"

मी अशी भडकले म्हणता! "अहो बाई, काय केलंत हे? सगळं काम मातीत घातलंत माझं! इतक्या लांबून आले मी, आता ही फेरी कचऱ्यात गेली!" यंत्राच्या धडधडीवर मी ओरडत होते, आपा ओरडत होत्या, "त्याले तुमचं समजलंच नाई तं काय करू? चाचा पाहून राहिला ना!" देशमुख दोघींच्या मध्ये हात घालून उभे.

"मॅडम," ते म्हणाले, "जरा तथी पाहा."

लॅपटॉपवर हिरवा ठिपका. परत हिरवा. एक लाल. मग हिरवा, हिरवा, हिरवा. भांडण तिथेच राहिलं. काचेपलीकडे रफीकचे पाय तेवढे दिसत होते, हलत नव्हते. छत्रीची रुई कांद्याच्या खोळीत, कुलपाची रुई म्हशीच्या खोळीत, काय चाललं असेल त्या घड्यांमध्ये ते त्यालाच ठाऊक. फेरी संपली तेव्हा लाल ठिपके शोधावे लागत होते. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी आपांचा हात घट्ट धरला होता, हे नंतर लक्षात आलं.

बाहेर आल्यावर मी रफीकला विचारलं, "आवाजाची भीती नाही वाटली?"

"पिंजन व्हतं," तो म्हणाला. "भल्लं मोठं." एवढ्या दिवसांत मी त्याला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आता चाचा पुढे आले. "मंग? फोटू काय म्हन्ते?"

आपा माझ्याकडे बघत होत्या. 'याद हाय' एवढं म्हटलं असतं, तर काम होणार होतं. पण तो फोटो तसं सांगत नव्हता, आणि खोटं सांगून चाचांना थांबवलं असतं, तर पुढच्या अदलाबदलीला त्यांनी कोणाकडे बघायचं? मी म्हटलं, "चाचा, फोटो काही म्हणत नाही. मी डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगते. कोणी नीट विचारलं, तर याला जोडी राहते. नाही विचारलं, तर सुटते."

चाचांनी रफीककडे पाहिलं. मग म्हणाले, "मंग जिंदगीभर कोन इचारन याले?"

आपा बाकड्यावर बसून रडायला लागल्या. देशमुख आत गेले आणि एक गाठोडं घेऊन आले. वलगावच्या घरातली रुई, सकाळीच आईनं पाठवलेली, सोबत पिवळ्या फुलांची खोळ. "चाचा, माझ्या आईची उशी भरून द्या," ते म्हणाले. "घरची रुई हाय. दुसऱ्याची नोको." त्या गाठोड्याकडे चाचांनी असं पाहिलं, की मला तिथे थांबवेना.

ती दुसरी फेरी पुढे आमच्या अभ्यासात घेता आली नाही. सूचना बदलली म्हणून वगळली, आणि वगळायलाच हवी होती. वगळण्याआधी मी ती पुण्यात एकदा उघडून पाहिली. कपाळामागचा भाग आणि आठवणींचा तो खोल भाग, दोघांच्या रेषा पहिल्या फेरीत आपापल्या वाटेनं गेलेल्या. दुसरीत त्या बरोबरीनं चढत होत्या, उतरत होत्या. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना घसा फोडून सांगते. ते खरंच आहे. तरी मी त्या रेषांसमोर कितीतरी वेळ बसून राहिले.

पुन्हा बार्शीटाकळी

माझी उशी त्यांच्याकडेच होती, म्हणून परतताना बार्शीटाकळीला थांबले. पडवीत एक कापडी थैली भरून ठेवलेली दिसली. तीत काय आहे हे मी विचारलं नाही. वर रफीकचा पांढरा कुडता दिसत होता.

चाचांनी सकाळीच स्वतः सगळी रुई पिंजून ठेवली होती. पडवीत तीन ढीग: माझी जुनी रुई, वलगावची नवी, आणि चाचांच्या स्वतःच्या उशीची. पिंजल्यावर मला तर तिन्ही सारखेच दिसत होते. समोर तीन खोळी उलटसुलट टाकलेल्या. चाचांनी सकाळी रफीकला एकदाच प्रत्येक जोडी दाखवली होती, म्हणे. ही मॅडमची, ही देशमुखाच्या आईची, ही माझी. त्यानंतर त्याला भाजी आणायला, पाणी भरायला पाठवलं होतं.

"हात लावायचा नाई," चाचा त्याला म्हणाले. "हातानं तुले समजते, मले ठाव हाय. दुरून सांग. अन् नसीम, तू तोंड उघडशीन तं पाह्य."

आपा दारात उभ्या राहिल्या. रफीक ढिगांकडे बघत होता. मग खोळींकडे. परत ढिगांकडे. त्याची नजर भिरभिरायला लागली. अकोल्याला चित्रांसमोर लागली होती तशीच. आपांचे ओठ हलले, चाचांनी हात वर केला, आपांनी ओठ दातांत धरले. चाचांनी थैलीकडे पाहिलं.

आणि रफीक ओरडला. साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा, भारदस्त, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात:

"किसकी रुई?"

चाचा दचकून उभे राहिले. तो आवाज त्यांच्या भावाचा होता.

"मॅडमची!" रफीकनंच उत्तर दिलं, आपल्या नेहमीच्या आवाजात. आणि पुन्हा मोठ्या आवाजात, "किसकी खोल?" निळ्या चौकड्यांच्या खोळीकडे बोट दाखवून, "मॅडमचीच!" मग मधला ढीग. "किसकी रुई?" "वलगावची!" "किसकी खोल?" पिवळी फुलं. शेवटचा ढीग राहिला तेव्हा तो चाचांकडे वळला, विचारलंच नाही, सरळ त्यांची खोळ उचलून त्यांच्या हातात दिली.

आपा दारातच खाली बसल्या होत्या, तोंडावर ओढणी. मीही रडत होते, आणि मला त्याची काही लाज वाटत नव्हती. कोणी विचारलं नाही तर काय, हा प्रश्न माझ्या सगळ्या विषयाला सुटला नव्हता, आणि हा माणूस स्वतःच विचारणारा झाला होता. एकदा झाला म्हणून रोज होईल का? मला माहीत नाही. चाचांनाही माहीत नव्हतं.

चाचांनी ती थैली उघडली, कुडता काढून झटकला आणि पडवीतल्या खुंटीवर टांगला. मग आपल्या टोपीतली सुई काढून रफीकच्या हातात दिली आणि म्हणाले, "शिव बे लवकर. मॅडमची गाडी हाय."